उरलेलं अर्धं पाकीट

आक्का उंदीरघरात कामाला लागली तेव्हा तिचा नवरा म्हणाला होता, "घरात एक उंदीर दिसला तर खुर्चीवर चढणारी बाई तू. तिथे सातशेंच्या मधे उभी कुठे राहणार?" नवरा शिंपी. मशीन चालवता चालवता बोलायची त्याला सवय, त्यामुळे त्याचं निम्मं बोलणं खडखडाटात जाई आणि उरलेलं निम्मं नेमकं झोंबणारं असे. या गोष्टीला चौदा वर्षं झाली. आक्का अजून तिथेच होती आणि थट्टाही तीच होती. उंदरांचा आकडा तेवढा दरवर्षी वाढत गेला.

उंदीरघर म्हणजे संशोधन संस्थेच्या मागच्या अंगाला असलेल्या, खिडक्या नसलेल्या चार खोल्या. चपला बाहेर, अंगात निळा डगला, डोक्याला टोपी, तोंडाला पट्टी, मग आत. भिंतीभर मांडण्या, मांडण्यांवर पारदर्शक पिंजरे, पिंजऱ्यांत लाकडाचा भुसा. भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, पिलं मोजायची, कुठलं पिलू कुठल्या दिवशी आईपासून वेगळं करायचं ते ध्यानात ठेवायचं, हे आक्काचं काम. चौदा वर्षांत एकही पिलू चुकीच्या पिंजऱ्यात गेलं नव्हतं. नवीन माणूस आलं की संशोधन करणाऱ्या मॅडम सांगत, "आक्कांच्या हातून चूक होत नाही." आक्का मान खाली घालून ऐके. पण ते वाक्य ती रोज जपून घरी घेऊन जाई, जसं कुणी फुलं पदरात घेऊन जावं.

बाई श्रद्धाळू. सकाळी दहा मिनिटं डोळे मिटून बसल्याशिवाय पाण्याचा घोट घेणार नाही. सरळ वागावं, देवाचं नाव घ्यावं, म्हणजे मोह आपल्या वाटेला येत नाही, ही तिची पक्की समजूत. आणि या समजुतीचा पुरावाही तिच्याकडे होता. तो कपाटाच्या खणात, प्रार्थनेच्या पुस्तकाशेजारी ठेवलेला असे. गोळ्यांचं अर्धं पाकीट.

तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा दुखण्यावर म्हणून डॉक्टरांनी त्या जालीम गोळ्या पंधरा दिवसांच्या दिल्या होत्या. आक्काला त्यांनी मळमळलं, तोंड कोरडं पडलं. आठव्या दिवशी तिने त्या बंद केल्या आणि उरलेलं पाकीट ठेवून दिलं. औषध म्हणून नाही. शाळेत मिळालेलं बक्षीस जसं ठेवतात तसं.

तिच्या धाकट्या भावाला सगळे धाकटाच म्हणत. तो रंगारी. परांचीवरून पडला, पाठ मोडता मोडता राहिली, आणि त्यालाही त्याच जातीच्या गोळ्या मिळाल्या. पाठ बरी झाली, गोळ्या सुटल्या नाहीत. आज पोट दुखतंय, उद्या दाढ, परवा आणखी काही. आक्का सगळं बघत होती आणि बोलत होती. "मन घट्ट कर रे. मी नाही केलं?"

मग तो रविवार. नणंद आणि नंदावा चहाला आले होते. धाकटाही आला होता. आक्का काही काढायला कपाटाकडे गेली, खण ओढला, आणि पुस्तकाशेजारची जागा रिकामी.

ती दारात येऊन उभी राहिली. "खिसे उलटे कर."

धाकट्याला आधी गंमत वाटली. "आक्का, पाहुणे बसलेत अगं."

"बसू देत. त्यांनाही बघू दे."

मशीन थांबलं. धाकट्याने दोन्ही खिसे बाहेर ओढले. रंगाचं फडकं पडलं, किल्ली पडली, गोळ्यांचं अर्धं पाकीट पडलं.

"मीही ह्याच गोळ्या खाल्ल्या," आक्का म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. नणंदेला नीट ऐकू जाईल इतकाच होता. "अर्धं पाकीट उरलं माझं. मनात देव असला की उरतं."

धाकटा जमिनीकडे बघत म्हणाला, "तुला त्यात काही मिळालंच नाही गं, आक्का. मला मिळालं."

"ऐकलंत? वर तोंड करून सांगतोय!"

ती दार उघडून उभी राहिली. तो गेला. खिसे आत सारायचंही त्याला सुचलं नाही; दोन पांढरे कान दोन्ही बाजूंना लोंबत होते, तसाच जिना उतरला. नंतर दोन वर्षांनी नवऱ्यानेच एकदा मशीनच्या आडून सांगितलं की धाकटा आता रोज सकाळी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांसमोर गोळ्यांची सवय सोडवायचं औषध पितो, बरा आहे, काम करतो. आक्का "देवाची कृपा" म्हणाली आणि भेटायला गेली नाही. अशी एकूण चार वर्षं.

आता उंदरांकडे येऊ. मॅडमचा प्रयोग असा होता. एक पेटी, तिच्यात दोन खोल्या, मधे सरकतं दार. एक खोली पांढरी, खाली गुळगुळीत. दुसरी पट्ट्यापट्ट्यांची, खाली जाळी. सकाळी उंदराला मिठाच्या पाण्याची सुई टोचून पांढऱ्या खोलीत अर्धा तास ठेवायचं. दुपारी मॉर्फिनची, म्हणजे आक्काच्या त्या गोळ्यांच्याच जातीच्या औषधाची, सुई देऊन पट्ट्यांच्या खोलीत अर्धा तास. असं आठ दिवस. नवव्या दिवशी सुई नाही, काही नाही. मधलं दार उघडायचं आणि वरच्या कॅमेऱ्यातून बघायचं की गडी आपल्या मर्जीने कुठे जास्त वेळ बसतो.

उंदीर दोन घराण्यांचे. एक नेहमीचे. दुसऱ्यांच्या अंगात फरक एवढाच, की एका जनुकात एक अक्षर वेगळं. गेल्या वर्षी छोटी तुकडी तपासली, तेव्हा नेहमीचे उंदीर दार उघडताच पट्ट्यांच्या खोलीत जाऊन ठिय्या देऊन बसले. एका अक्षराच्या फरकाचे मात्र दोन्ही खोल्यांतून सारखेच हिंडत राहिले. आक्काने त्याच दिवशी नावं ठेवून टाकली. पहिले 'नादी' आणि दुसरे 'साधू'.

"आणि तू त्यांची महंत," नवरा म्हणाला.

यंदा मोठी तुकडी होती. मॅडमनी पिंजऱ्यांवर मुद्दाम नुसते आकडे लावले होते. कोण कुठल्या घराण्यातला ते सुई देणाऱ्या विद्यार्थिनीलाही कळू नये, म्हणजे नकळतही हात डावाउजवा होणार नाही. पण आक्काने ती पिलं डोळे उघडले नव्हते तेव्हापासून पाहिलेली. तिला आकडे लागतात होय? बाळंतीण उंदरांसाठी सूर्यफुलाच्या बियांचा एक डबा असे. पेटीत उंदीर ठेवायचं-उचलायचं काम आक्काकडेच. पहिल्याच दिवशी पांढऱ्या खोलीतून एका साधूला उचलायच्या आधी तिने डगल्याच्या खिशातून एक बी काढून त्याच्यापुढे ठेवली. विद्यार्थिनीची पाठ होती. साधूने दोन हातांत बी धरून कुरतडली, आणि आक्काला असं समाधान वाटलं की विचारू नका. चांगल्याला चांगलं मिळायला नको? जग कुठे देतं? मग रोज. एकेका साधूला एकेक बी. नाद्यांना नाही. आणि दुपारी, पट्ट्यांच्या खोलीत, साधूंनाही नाही. नशेच्या जागी चांगली वस्तू ठेवायला तिचा हात धजावेना.

नवव्या दिवशी मॅडम कॅमेऱ्यासमोरून उठेचनात. आकड्यांची यादी काढून कोण कुठल्या घराण्यातला ते पाहिलं, विद्यार्थिनीला मिठी मारली, मग आक्काला. "आक्का, तुमचे साधू पांढऱ्या खोलीत जाऊन बसले! नुसते हिंडले नाहीत, पट्ट्यांच्या खोलीकडे फिरकायलाही तयार नाहीत. म्हणजे औषध त्यांना गोड तर लागत नाहीच, नकोसं वाटतं! हे कुणाला दिसलेलं नाही अजून."

"मी म्हटलंच होतं," आक्का म्हणाली, "पुण्यवान आहेत ते."

मॅडम हसल्या. आनंदात होत्या म्हणून समजावून सांगायला बसल्या. "पुण्याचा काय संबंध? मेंदूतल्या पेशींवर जागा असतात, रिसेप्टर म्हणतात. औषध रक्तातून येतं आणि त्या जागेत जाऊन बसतं. बसलं की आतून सुख वाटतं. साधूंच्या त्या जागेची घडणच जरा वेगळी, त्यामुळे औषध येतं पण नीट बसत नाही."

"काज," आक्का म्हणाली.

"काय?"

"काजाला एक टाका जास्त पडला की बटण जात नाही. बटण तेच, सदरा तोच."

"अगदी! आक्का, हे मी भाषणात सांगणार." मॅडमनी वहीत लिहूनही घेतलं. "म्हणजे बघा, साधू मोह आवरतात असं नाही. मोह त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. त्यांना त्यात काही मिळतच नाही."

आक्काच्या हातात पुसायचं फडकं होतं, ते तसंच राहिलं. हे शब्द तिने आधी ऐकले होते. कुणाच्या तोंडून, तेही तिला त्याच क्षणी आठवलं. जिन्यावरून उतरणारे ते दोन पांढरे कान आठवले.

"माणसांचंही असंच असतं का हो?" तिने विचारलं.

"काही अंशी असेल. पण उंदरावरून माणसाला शिक्का मारू नये. माणसाच्या बाबतीत दुखणं आलं, घर आलं, सोबत आली, शंभर गोष्टी आल्या. एकाच गोळीने एकाला मळमळतं आणि दुसऱ्याला स्वर्ग दिसतो, एवढं मात्र खरं." मॅडम पुन्हा पडद्याकडे वळल्या आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "पण पांढरी खोलीच का? तिथे तर काहीच नसतं. नुसतं मिठाचं पाणी."

एक चपराक कमी होती म्हणून ही दुसरी. तिथे काय होतं ते आक्काला माहीत होतं. डगल्याच्या खिशात अजून चार बिया होत्या.

ती मोरीत गेली आणि पिंजरे घासत राहिली. घासलेलेच पुन्हा घासले. सोमवारी मॅडमचा अहवाल परिषदेला जाणार होता. आज शुक्रवार. सांगितलं तर आठ महिन्यांच्या कामावर पाणी, आणि 'आक्कांच्या हातून चूक होत नाही' हे वाक्य कायमचं संपलं. नाही सांगितलं तर कुणाला काय कळणार होतं? विद्यार्थिनीची पाठ होती. उंदीर बोलत नाहीत.

शनिवारी सकाळी ती डोळे मिटून बसली, पण दहा मिनिटांत एकही नाव मुखात येईना. सारखा तो खण दिसत होता. ज्या पाकिटाचा तिने एवढा तोरा मिरवला, ते तिने राखलंच नव्हतं. ते आपोआप उरलं होतं. न आवडणारी भाजी ताटात उरावी तसं. आणि ती त्याला उपास म्हणत आली. धाकट्याचं काज कसं होतं, तिला माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं. पण स्वतःचं तिला आठवत होतं. मळमळ आणि कोरडं तोंड. तेवढ्या भांडवलावर तिने भावाचे खिसे उलटे करायला लावले होते, तेही नणंदेला ऐकू जाईल अशा बेताने.

"काय झालंय?" नवऱ्याने मशीन थांबवून विचारलं. तो मशीन थांबवून फार क्वचित बोले.

तिने बियांचं सांगितलं. सगळं. तो एकही थट्टा न करता ऐकत राहिला, त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"टीप वाकडी गेली तर उसवावी लागते," तो शेवटी म्हणाला. "वरून इस्त्री मारून चालत नाही. गिऱ्हाईक एकदा घालून बसलं की दिसतंच."

"मॅडम मला काढून टाकतील."

"टाकतील. मग घरात काजं करशील. त्यात तरी उंदीर नाहीत."

मॅडम शनिवारीही येत. आक्का त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली आणि चारही बिया टेबलावर ठेवल्या.

"मॅडम, पांढऱ्या खोलीत मिठाचं पाणी नव्हतं नुसतं. ह्या होत्या."

मॅडमना पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं. त्यांचा चेहरा पडत जाताना बघणं आक्काला जड गेलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"किती दिवस?"

"आठही."

"सगळ्यांना?"

"नाही. साधूंनाच."

"फक्त त्यांनाच का, आक्का?"

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. रात्रभर उत्तर जुळवून ठेवलं होतं, की अशक्त वाटले म्हणून दिल्या. तोंडापर्यंत आलंही. पण मॅडमनी नोंदवही पुढे सरकवली. उंदीरघरात काहीही चुकलं की तीत लिहायचं: तारीख, काय घडलं, कारण, सही. आक्काच्या चौदा वर्षांत त्या वहीत तिच्या अक्षरातली एकही ओळ नव्हती. तिने तारीख लिहिली. काय घडलं ते लिहिलं. 'कारण' या रकान्यापाशी पेन थांबलं. 'माया' असं लिहिलं. वाचून पाहिलं आणि खोडलं, कारण माया नव्हती ती. शेजारच्या पिंजऱ्यातले तिकडे उपाशी बघत असताना एकालाच दिली ती माया कसली. मग तिने लिहिलं, 'ते चांगले आहेत आणि बाकीचे वाईट, असं मला वाटलं.' सही केली.

मॅडमनी वाचलं. "दुसऱ्या कुणी 'अशक्त होते म्हणून' असं लिहिलं असतं," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून डोळे चोळले. "ही तुकडी बाद. नवीन पिलांपासून सुरुवात. तुम्ही आता चाचणीच्या खोलीत यायचं नाही, आक्का. धुण्याकडे राहा."

"बरं."

"आणि ते काजाचं मी सांगणार आहे तरीही. ते बरोबर होतं."

आक्काला वाटलं, एवढं तरी त्यांनी बोलायला नको होतं. माणसाने चूक केल्यावर त्याला निदान पूर्ण लाजू द्यावं.

रविवारी ती विचारत विचारत शाळेच्या कुंपणाच्या भिंतीपाशी पोचली. धाकटा भिंतीचा खालचा पट्टा रंगवत होता. परांची त्याने सोडली होती. हात पोचेल तेवढंच काम घेई. केस पांढरे झाले होते, की रंग होता, लांबून कळेना.

"आक्का?" त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "भाऊजी बरे आहेत ना?"

म्हणजे तिने यायला कुणी मरायला टेकलं असलं पाहिजे, असं त्याला वाटलं होतं.

"बरे आहेत." ती उपड्या डब्यावर बसली. येताना दहा वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकच उरलं. "मला त्यात काही मिळालंच नव्हतं रे. त्या गोळ्यांत. मळमळायचं नुसतं. तू म्हणाला होतास."

"मी? कधी?"

"त्या रविवारी."

धाकट्याने आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. "असेन म्हणालो. मला खिशांचंच आठवतंय."

आक्काने मान वर केली नाही. त्यामुळे तिची नजर त्याच्या विजारीवर गेली, आणि शिंप्याच्या बायकोच्या डोळ्यांना जे दिसायचं ते दिसलं. खिशांची तोंडं शिवून टाकलेली होती. दोन्ही. किल्ली गळ्यात दोरीला, फडकं खांद्यावर.

"हे काय?"

"सोय," तो हसून म्हणाला. "कुणी उलटे करायला सांगायला नको."

टीप बारीक, सरळ, कडेला मागे फिरवून पक्की केलेली. ही टीप ती पंचवीस वर्षं ओळखत होती. म्हणजे ती कामावर गेलेली असताना हा घरी आला होता. नवऱ्याने मशीनवर त्याचे खिसे शिवून दिले होते आणि तिला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

"यांनी शिवले?"

"माझ्या सगळ्या विजारी. सहा महिन्यांतून एकदा घरी येतो. तू घरी नसतेस तेव्हा." मग तिची बाजू सावरल्यासारखं म्हणाला, "भाऊजी नको म्हणत होते. मीच मागे लागलो."

रस्त्यावरून एक सायकल गेली. रंगाचा ओघळ भिंतीवरून खाली आला, तो धाकट्याने ब्रशने वर उचलला. आक्काने पिशवीतून लहान कात्री काढली. ती तिच्या पिशवीत नेहमी असे, काजांसाठी.

"इकडे ये. उभा राहा."

"आक्का, रस्ता आहे हा."

"असू दे." ते बोलल्याबरोबर तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला, चार वर्षांपूर्वीचा, आणि तिने कात्री खाली घेतली. "नको म्हणालास तर नाही," ती हळू म्हणाली.

धाकट्याने ब्रश डब्यावर ठेवला. मग रंगाचे हात दोन्ही बाजूंना उचलून तिच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. "एकच उसव," तो म्हणाला. "दुसऱ्याचं बघू."

तिने चष्मा चढवला. टीप दुहेरी होती, एकदम सुटणारी नव्हती. एकेक टाका उचलून कापावा लागत होता.

"हळू," वरून धाकटा म्हणाला. "कापड फाडू नकोस म्हणजे झालं."